खाली कोण?

तुम्हीच सांगा, उंच खांबावर चढायचं असेल तर विश्वास कोणावर ठेवावा? खाली उभ्या असलेल्या माणसावर, की स्वतःच्या खिशातल्या चावीवर?

घाई करू नका. शेठला हा प्रश्न कोणी विचारला असता तर तो हसून म्हणाला असता, "दोघांवर थोडा थोडा ठेवा, उरलेला घरी कपाटात ठेवा." पण हे दीपगृहाच्या त्या दुपारच्या आधीचं. त्यानंतर शेठ या प्रश्नावर हसलेला कोणी पाहिला नाही.

शेठ म्हणजे कोणी गडगंज असामी नव्हे. पंप, वायर, दोर, नटबोल्ट विकणारा दुकानदार. शाळा अर्ध्यात सुटली, पण जळालेल्या मोटारी उघडून उघडून वाइंडिंग शिकला, आणि तिथून रेडिओच्या नादाला लागला. शहरात हौशी रेडिओवाल्यांचा छोटा क्लब होता. परवाना काढायचा, आपापलं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, घ्यायचं आणि सुट्टीच्या दिवशी हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाला हाक मारायची, एवढाच त्यांचा उद्योग. बायका कपाळाला हात लावत. शेठची बायको म्हणायची, "शेजाऱ्याशी बोलायला वेळ नाही आणि निघाले समुद्रापलीकडच्याची विचारपूस करायला!"

या मंडळींचा एक नियम शेठला फार आवडायचा, कारण तो दुकानासारखा होता. तू माझा आवाज कसा ऐकलास ते तू सांगायचं, मी तुझा कसा ऐकला ते मी सांगायचं. दोन्ही बाजूंनी सांगून झालं की संपर्क पक्का. एकानंच सांगितलं आणि दुसरा गप्प राहिला, तर ती उधारी. संपर्क म्हणून धरायची नाही.

त्या वर्षी बंदराच्या दीपगृहाला शंभर वर्षं झाली. क्लबला आठवडाभरासाठी खास कॉलसाइन मिळालं, दीपगृहाच्या पायथ्याची दगडी खोली मिळाली आणि नगराध्यक्षांनी कबूल केलं की कार्यक्रम झोकात झाला तर ती खोली क्लबला कायमची. शेठ सकाळी टेम्पो भरून निघाला. दोराची भेंडोळी, तांब्याची तार, पाहुण्यांसाठी खुर्च्या. टेम्पोत मागे तारेवर पाय सोडून त्याचा मेहुणा बसला होता. टेलिफोनच्या खांबांवर काम करणारा गडी, सडपातळ, चढायला लागला की खालून बघणाऱ्याला चक्कर यावी. सगळे त्याला खार म्हणत.

निघताना शेठची बायको फाटकापाशी आली. भावाच्या शर्टाचं वरचं बटण लावत ती नवऱ्याला म्हणाली, "हा तुमच्या भरवशावर वर चढतो. जसा नेताय तसा आणायचा. नख तुटलेलं चालणार नाही मला."

"ताई, मी काय काचेचं भांडं आहे?" खार म्हणाला.

"भांडं असतास तर काळजी नव्हती. फुटलं तर दुसरं आणलं असतं."

तिच्या या काळजीला कारण होतं. खारच्या आधी क्लबचे अँटेनाचे खांब पैलवान चढायचा. दांडगा, रागीट माणूस. गोदीत वजनं उचलायचा. एकदा कोणी त्याचा दोर न विचारता सोडला, तर पैलवानानं खाली उतरून त्याचं नाक फोडलं आणि मग स्वतःच त्याला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं. खांबावरचा कायदा त्यानंच घालून दिला होता. रेडिओ सेटचा मुख्य स्विच लोखंडी पेटीत. पेटीला कुलूप. चढणाऱ्यानं कुलूप लावून चावी खिशात टाकायची, म्हणजे तो तारेला हात लावून असताना खालून कोणी सेट सुरू करून तारेत वीज सोडू शकणार नाही. मग खांबाच्या पायथ्याशी थांबून ओरडायचं, "खाली कोण?" जो उभा असेल त्यानं म्हणायचं, "मी." पुढे, "चावी माझ्याकडे." उत्तर, "चावी तुझ्याकडे." एवढं झाल्यावर पहिलं पाऊल. आणि ज्यानं 'मी' म्हटलं त्यानं, आभाळ कोसळलं तरी, वरचा माणूस उतरेपर्यंत जागा सोडायची नाही.

आणि तरीही पैलवान मेला. चार वर्षांपूर्वी, लख्ख उन्हात, चावी स्वतःजवळ असताना. तारेला धरलेला डावा तळवा हाडापर्यंत भाजला आणि तो वरून फरशीवर आला. शेठ धावत पोचला तेव्हा फरशीवर जे होतं त्याला चेहरा म्हणता येत नव्हतं. खाली उभा होता तारमास्तर, तारखात्यातून निवृत्त झालेला, क्लबातला सर्वांत वडीलधारा. तो म्हणाला, कोरडी वीज पडली. लोकांनी मान डोलावली. पैलवानाची उजवी मूठ मात्र शेवटपर्यंत उघडली नाही. खिशातून कधी काढली कोण जाणे, पण चावीचं टोक त्या मुठीतून दिसत होतं, आणि ती त्याच्याबरोबरच गेली. झाकली मूठ, असं कोणीतरी पुटपुटलं आणि पुढचं बोलायला कोणाची जीभ रेटली नाही.

रेडिओवाल्यांत कोणी गेलं की त्याच्याच सेटवरून त्याला शेवटची हाक द्यायची रीत आहे. तीनदा कॉलसाइन पुकारायचं, थांबायचं, उत्तर नाही असं म्हणायचं आणि सेट बंद करायचा. मग ते कॉलसाइन पुन्हा कोणी तोंडातून काढत नाही. पैलवानाला ती हाक दिलीच गेली नाही. तारमास्तर दर वेळी म्हणायचा, "थांबू या जरा. जखम ताजी आहे." जखम चार वर्षं ताजी राहिली. पैलवानाचा सेट क्लबकडे आला आणि त्या दिवशी दीपगृहातल्या टेबलावर तोच मांडला होता. दुसरा तेवढ्या ताकदीचा नव्हताच.

उद्घाटनाला नगराध्यक्ष आले, त्यांच्यामागे बरीच माणसं. खुर्च्या भरल्या. शेठनं हेडफोन चढवला आणि माइकवर हाक दिली. पुन्हा दिली. कानात नुसती खरखर. सूर्यावर वादळं उठली की आकाश असं बहिरं होतं. कोणाचा दोष नसतो. पण हे खुर्चीतल्या माणसाला कोण सांगणार? नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, "बिघडलंय वाटतं!" आणि हशा पिकला.

आता गिऱ्हाईक दारातून परत जाताना दुकानदाराला काय होतं, ते दुकानदारालाच ठाऊक. शेठचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यानं लाउडस्पीकरची पिन हळूच उपटली. आता कानात काय येतंय ते फक्त त्याला कळणार होतं. मग त्याचा चेहरा उजळला. "आलं! आलं उत्तर!" तो ओरडला. माइकवर झुकून त्यानं एक कॉलसाइन घेतलं आणि म्हणाला, "तुमचा आवाज अगदी घणघणीत, जणू शेजारी उभे आहात. माझा कसा येतोय ते सांगा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगराध्यक्षांनी शेठचा खांदा थोपटला आणि खोली क्लबची झाली, असं तिथंच जाहीर केलं.

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. क्लबातली डॉक्टरीण. दातांचा दवाखाना चालवणारी, कमी बोलणारी बाई. पाहुणे गेल्यावर ती शेठजवळ आली.

"शेठ, खोटं बोललात ते कळलं मला. पण कॉलसाइन कोणाचं घेतलंत ते कळलं का तुम्हाला?"

शेठला तेव्हा कळलं. खोटं नाव सुचायला वेळ लागतो. ओठांवर जे आधी आलं तेच निघून गेलं होतं. वर्षानुवर्षं या सेटवरून निघालेलं नाव. पैलवानाचं.

"जिभेला वळण पडलेलं, बाई," तो ओशाळून म्हणाला. "मेलेला माणूस काय तक्रार करायला येतोय?"

"त्याला शेवटची हाक दिलेली नाही अजून," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्याला विचारलंत, माझा आवाज कसा येतोय म्हणून."

तारमास्तर खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्यानं वळून पाहिलं नाही. फक्त चष्मा काढून पुसायला लागला आणि बराच वेळ पुसत राहिला.

दुपार कलली. समुद्रावरून वारा उठला आणि रिकाम्या खुर्च्या एकमेकींवर आपटायला लागल्या. वाऱ्यानं अँटेनाची तार खोलीबाहेर उभ्या केलेल्या खांबाच्या ताणाच्या दोरात अडकली. कोणीतरी चढून ती सोडवायला हवी होती. खारनं पट्टा कसला. पेटीचा स्विच बंद केला, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. हे कुलूप नवं होतं. पैलवान गेल्यावर शेठनंच दुकानातून आणलेलं. कुलपाबरोबर चाव्या दोन येतात, पण दुसरी त्यानं क्लबच्या सगळ्यांसमोर कानशीनं घासून बोथट केली होती. या कुलपाला जगात एकच चावी होती.

"खाली कोण?" खार ओरडला.

"मी!" शेठ म्हणाला.

"चावी माझ्याकडे, दाजी."

"चावी तुझ्याकडे. आणि सावकाश, लेका. तुझ्या बहिणीला नखांचा हिशेब द्यायचाय मला."

खार हसत वर गेला. शेठ पायथ्याशी मान वर करून उभा राहिला. तीन मजली घराच्या उंचीचा खांब वाऱ्यात किंचित डोलत होता. तेवढ्यात वास आला. आधी त्याला वाटलं, बंदरात रबर जळतंय. मग त्या वासात केस जळल्याचा वास मिसळला, आणि शेठनं तो ओळखला, कारण हा वास त्यानं आयुष्यात एकदाच घेतला होता, पैलवान पडला तेव्हा.

खोलीतून डॉक्टरिणीची हाक आली. दबकी. "शेठ... सेट बंद आहे ना?"

"बंदच. चावी वर गेलीय."

"मग हे... काय वाजतंय?"

दारातून ते शेठलाही ऐकू आलं. लाउडस्पीकरची पिन अजून उपटलेलीच होती, सेटचा एकही दिवा लागलेला नव्हता, आणि तरी लाउडस्पीकरमधून तारेचे, मोर्सचे ठोके येत होते. आखूड, लांब. लांब, लांब. तारेवर बोलणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जशी चालण्याची ढब असते. हा हात लांब ठोका नको तेवढा लांब दाबायचा, खिळा ठोकल्यासारखा. असा हात एकाच माणसाचा होता.

"काय म्हणतोय तो?" डॉक्टरिणीनं तारमास्तरला विचारलं. तिला ही लिपी येत नव्हती. तारमास्तर झोपेतही वाचायचा.

"काही नाही," तारमास्तर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "हवेतला गोंगाट आहे. अर्थ नाही त्याला."

शेठला ठोके सावकाश वाचता यायचे. दुकानात गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बोटं आपटून शिकला होता. तो एकेक अक्षर जोडायला लागला, आणि नीट ऐकू यावं म्हणून दाराकडे दोन पावलं सरकला. खांबाचा पायथा सोडला. खा... ली... को...

वर खार किंचाळला.

शेठनं वर पाहिलं. खार पट्ट्याला लटकून खांबाला गच्च बिलगला होता आणि त्याचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं, जशी एखाद्याला सणसणीत थोबाडीत बसावी. मग दुसऱ्या बाजूला. त्याच्याखेरीज वर कोणी नव्हतं. शेठच्या कपाळावर काहीतरी गरम पडलं. त्यानं पुसलं तर बोटं लाल. पाठोपाठ फरशीवर टक्कन आवाज झाला. पायापाशी दात पडला होता, मुळासकट.

"दाजी! वर कोणीतरी आहे! ओढतोय मला... चावी मागतोय..."

"देऊन टाक चावी!"

"हात सोडत नाही तो माझा! भाजतोय... दाजी, भाजतोय!"

शेठ खांबाला झोंबला आणि पहिल्याच पायरीवरून कोणीतरी छातीत लाथ घालावी तसा मागे फेकला गेला. लोखंड तापलेल्या तव्यासारखं होतं. तळव्यांची कातडी पायरीलाच चिकटून राहिली. तो उठला, पडला, उठला आणि खोलीत धावला. एव्हाना ठोके इतके जोरात येत होते की टेबलावरच्या वस्तू उड्या मारत होत्या. तेच शब्द, पुन्हा पुन्हा.

खाली कोण. खाली कोण. खाली कोण.

शेठनं बंद माइक सोललेल्या हातांनी धरला. "पैलवाना, मी खोटं बोललो! मला तुझा आवाज आला नव्हता. लोकांसमोर अब्रू जाईल म्हणून तुझं नाव घेतलं. तो संपर्क खोटा. मी मागे घेतो. पोराला सोड!"

ठोके थांबले. बाहेरचा वाराही थांबल्यासारखा झाला. मग सावकाश, खिळे ठोकल्यासारखे, पुन्हा तेच दोन शब्द.

"मी!" शेठ रडत ओरडला. "खाली मी आहे! मी!"

बाहेर खारची अशी किंकाळी उठली की डॉक्टरिणीनं कान झाकले. खिडकीतून दिसलं, त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून उलट्या दिशेला वळला होता. हाड मोडल्याचा आवाज खोलीत आला, वाळकी फांदी मोडावी तसा.

"खोटं नका बोलू त्याच्याशी!" डॉक्टरीण ओरडली. "तो आजचं विचारत नाहीये. तो अजून वरच आहे, शेठ. तो त्या दिवशीचं विचारतोय!"

त्या दिवशीचं. शेठ गर्रकन वळला. तारमास्तर दाराकडे निघाला होता, भिंतीला घासत, हळूहळू, जणू कोणाच्या लक्षात येणार नाही. शेठनं त्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. एकदा. चष्मा फुटला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा भिंतीवर डाग उमटला. वीस वर्षं ज्याला वाकून नमस्कार केला त्याच्या तोंडावर शेठनं मूठ मारली आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"त्या दिवशी खाली कोण होतं?"

"मी होतो... सगळ्यांना माहीत आहे मी होतो..."

"खाली होतात का? खांबाशी?"

बाहेरून खारचा आवाज येत होता. आता तो ओरडत नव्हता. लहान मूल झोपेत कण्हतं तसा कण्हत होता, आणि ते ऐकवत नव्हतं.

"सेटपाशी होतो," तारमास्तर म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. "एक बेट आहे... तिथून कोणी बोलत नाही, वर्षानुवर्षं. त्या दुपारी हेडफोनात ते आलं. माझं सगळं आयुष्य त्या एका हाकेसाठी... मला वाटलं, एक शब्द. एका शब्दानं काय होणार? पैलवान तेवढ्यात उतरला असेल, असं वाटलं..."

"पेटीला कुलूप होतं. चावी त्याच्या मुठीत होती."

"दुसरी तुझ्या दुकानात होती. खिळ्याला. सकाळी सोल्डर घ्यायला आलो तेव्हा उचलली, तो वर गेल्यावर नुसतं ऐकायला म्हणून सेट सुरू केला. संध्याकाळी परत टांगली."

शेठचे हात क्षणभर सैल पडले. ती चावी चार वर्षं त्याच्या डोक्यावर टांगलेली होती. रोज तिच्याखाली बसून तो जेवायचा.

"सांगा त्याला," तो म्हणाला. "तुमच्या हातानं सांगा."

"नको... शेठ, मी तुझ्या वडिलांच्या जागी..."

शेठनं त्याला फरफटत टेबलापाशी नेलं. तार ठोकायची पितळी कळ पैलवानाचीच होती, वरची गोटी त्याच्या बोटांनी झिजलेली. तारमास्तरनं एकदा डॉक्टरिणीकडे पाहिलं. तिनं फक्त खिडकीकडे बोट दाखवलं.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तो हात कापत नव्हता. त्यानं गोटीवर बोटं ठेवली आणि स्वच्छ, सुरेख, तारखात्यातल्या जुन्या सवयीनं एकच शब्द ठोकला.

मी.

कळ वर आली नाही. बोटं गोटीला चिकटली. तारमास्तरनं हात ओढला, दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढला, आणि दुसरा हातही चिकटला. कळीखालून निळी ठिणगी निघाली, ती थांबली नाही, वाढत गेली. बाहीनं पेट घेतला. बोटं आधी फुगली, मग काळी पडली, मग टरारा फाटली. तो ओरडत होता असं डॉक्टरीण पुढे सांगायची. शेठला मात्र ओरडणं आठवत नाही. त्याला आठवतो तो एक लांब ठोका. नको तेवढा लांब. खोलीतली हवा त्यानं भरून गेली होती, आणि तो संपला तेव्हा तारमास्तर टेबलाला धरून उभ्याउभ्याच मेलेला होता. बंद सेटपाशी. ज्याच्या स्विचला कुलूप होतं आणि चावी खांबाच्या टोकावर.

बाहेर दोर सळसळला. खार खाली आला होता. पडला नव्हता, उतरवला होता. पट्ट्याच्या दोराची एक अलगद, कसलेली गाठ मारून कोणीतरी त्याला वजनाच्या गोणीसारखं सावकाश फरशीवर टेकवलं होतं. गोदीतली माणसं मारतात ती गाठ. खारला ती येत नव्हती.

खार जगला. पाय आखूड झाला, एका कानानं ऐकू येत नाही, पुढचे चार दात डॉक्टरिणीनं नवे बसवले. दवाखान्यात शेठची बायको भावाच्या उशाशी बसून राहिली आणि नवऱ्याशी महिनाभर एक शब्द बोलली नाही. शेठनंही अवाक्षर काढलं नाही. काय काढणार? नखांचा हिशेब द्यायचा होता त्याला.

खारची उजवी मूठ मात्र तीन दिवस मिटलेली होती. बेशुद्धीतही उघडेना. चौथ्या दिवशी बहिणीनं कुशीत घेऊन चोळली तेव्हा ती उघडली. आत चावी होती. शेठ पुढे वाकला. चावी काळी पडलेली, दांडा वितळून वाकडा झालेला. ती नव्या कुलपाची नव्हती. ती त्या जुन्या कुलपाची होती, जी पैलवानाच्या मुठीत, पैलवानाबरोबर गेली होती.

मग नवी कुठे गेली? खारचे खिसे पाहिले. फरशी, खांब, खडक, सगळं पाहिलं. ओहोटीला समुद्रही पाहिला. नाही सापडली. एकच चावी होती जगात त्या कुलपाला, आणि ती कोणीतरी बदलून नेली होती.

कुलूप तोडायचं धाडस कोणी केलं नाही. खोली बंद केली. पैलवानाला शेवटची हाक त्याच्याच सेटवरून द्यायची, आणि सेट कुलपात. बरंच झालं, असं सगळ्यांनी मनात म्हटलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीण तिथं जाऊन आली. क्लबच्या खुर्च्या परत आणायच्या होत्या, तेवढंच निमित्त. ती दुकानात आली आणि काउंटरला धरून उभी राहिली.

"शेठ... पेटीचं कुलूप उघडं आहे."

"तोडलंय?"

"नाही. उघडलंय. आणि कडीला नीट अडकवून ठेवलंय, आपण ठेवतो तसं. स्विच बंदच आहे. पण सेट... जणू कोणीतरी शेवटच्या हाकेसाठी मोकळा करून दिलाय."

"आणि चावी?"

तिनं मान हलवली. चावी तिथं नव्हती.

ती हाक द्यायला शेठ अजून गेलेला नाही. खारचा पाय बरा व्हायची वाट बघतोय, असं सांगतो. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढण्याआधी तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो आणि पुटपुटतो, "मी." कोणी विचारलेलं नसतं. निदान आपल्याला तरी ऐकू आलेलं नसतं.

म्हणून सांगतो, तुम्ही आपले आहात म्हणून. मोठेपणासाठी न आलेलं उत्तर आलं म्हणू नका. जागा सोडली असेल तर जागेवर होतो म्हणू नका. येणं असेल ते येणं धरा, देणं असेल ते देणं धरा, आणि हिशेब चोख ठेवा. एवढी माझी हात जोडून विनंती आहे. कारण जो तपासायला येतो, त्याच्याकडे आता चावी आहे.